अंतर्यामींच्या शालीतले कागद

गुरुवारी सकाळी नऊ वाजले की अख्खं गाव रेडिओला कान लावायचं. न्हाव्याची कात्री हवेत थांबायची, गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन बसायचं. रेडिओ केंद्राच्या फाटकाशी शंभरेक माणसं. आठच्या कार्यक्रमात मंत्री बोलायचे तेव्हा तिथे कुत्रंही नसायचं. नऊला बोलायचे ते 'अंतर्यामी' बाबा. आधी केंद्रात नाव नोंदवायचं, मग फोनवर फक्त नाव सांगायचं.

"बोलू नका माई, मला दिसतंय! दारात पेरूचं झाड. घरात काठी टेकत चालणारं कुणीतरी..."

"अगं बाई! खरंय हो बाबा!"

मग हुंदका. निवेदक हळूच सांगायचा, "बाबांनी डोळे मिटले आहेत." रेडिओवर डोळे दिसतात कुणाला!

ते दिसायचे स्टुडिओच्या काचेअलीकडे फोन जोडणाऱ्या ऑपरेटर बाईला. टक्क उघडे, मांडीवरच्या शालीत खुपसलेले. पण अकरा वर्षं लोकांची दुखणी आणि शिव्या तारेतून पुढे ढकलून ती बधिर झाली होती. महिन्यापूर्वी तिच्या आईनंच फोन लावला, तोही तिनं इतरांसारखाच जोडून दिला.

"माई, डाव्या डोळ्यापुढे धूर. ते थेंब बंद करा, थेंबच दृष्टी जाळतात!"

आईनं बाटली कचऱ्यात टाकली.

"आई, काचबिंदू आहे तो, पडसं नव्हे. थेंब घाल."

"तुझ्या डॉक्टरला मशीन लावून कळलं. बाबांना न सांगता."

"कुणालाच सांगितलं नव्हतंस?"

"कुणाला सांगू? तू घरात असून नसल्यासारखी. हां, नाव नोंदवल्यावर तुमच्या केंद्रातून एका पोरीचा फोन आला होता. श्रोत्यांची पाहणी म्हणे. किती गोड बोलली! अर्धा तास ऐकलं तिनं माझं. दुखणं काय, औषध कुठलं, दारात झाड कसलं."

पाहणीच्या फॉर्मांचा गठ्ठा दर बुधवारी साहेबांच्या टेबलावर ऑपरेटर स्वतःच ठेवायची. पुढे तो कुठे जातो, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आता विचारायची गरज उरली नव्हती.

"पुन्हा नाव नोंदव," ती आईला म्हणाली. "फॉर्म मी भरते."

कोऱ्या फॉर्मवर आईच्या नावाखाली तिनं लिहिलं: जुळी बहीण, लहानपणी विहिरीत बुडाली. आणि तो बुधवारच्या गठ्ठ्यात सरकवला. तसलं काही घडलंच नव्हतं.

गुरुवारी तिनं आईचा फोन जोडला.

"माई, पाणी दिसतंय! तुमच्यासारखाच चेहरा. जुळी बहीण! तीच तुमचा डोळा ओढतेय!"



"बाबा, मला बहीण नाही. आईला मी एकटीच."

"लहानपणीचं आठवत नसेल, माई."

"मला नाही, पण घरात कुणालाच नाही?"

"गेल्या जन्मीची असेल..."

"मग डोळा या जन्मीचा का दुखतोय हो?"

काचेपलीकडून निवेदक मानेवर हात फिरवून खुणावत होता: तोड, फोन तोड! पण फोन तोडायचं बटण होतं ऑपरेटरच्या बोटाखाली. तिनं आपलीच लाइन थेट प्रक्षेपणात जोडली.

"मी इथली ऑपरेटर. ती बहीण मी परवा फॉर्मवर लिहिली. फॉर्म आत्ता बाबांच्या शालीत आहे. पाहणीच्या नावानं तुम्ही जे सांगता, तेच हे वाचून दाखवतात. ज्यांनी औषधं बंद केलीत, ती आजच सुरू करा."

मग गाणं लागलं. दुपारी तिला घरी पाठवलं. तिला राग आला नाही, रडूही नाही.

संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टर म्हणाल्या, "डावा गेला. तो परत येणार नाही. उजवा सांभाळू."

जिना उतरताना आई एवढंच म्हणाली, "ती पोरगी खरंच गोड बोलत होती गं."

मुलीनं तिचा हात धरला. बऱ्याच वर्षांनी.

घरातल्या माणसाचं ऐकून घ्यायला तुम्हाला वेळ नसतो, तो भोंदूला असतो, कारण तेच त्याचं भांडवल. म्हणून कुणी तुमच्या मनातलं ओळखलं, तर पाया पडू नका. हे आपण कुणाकुणाला सांगितलं होतं, ते आधी आठवा. आणि आठवलं नाही, तरी औषध थांबवू नका.