मास्तरांचा हार

अमरावतीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारी वर्षाली स्वतः लिहिलेली गोष्ट छापायला देण्याआधी अकोल्याला, माहेरी गेली. गोष्ट तिथल्या फुलवाल्या मनकर्णाबाईंवर बेतलेली होती. नाव बदललं होतं, गावही बदललं होतं. तरी त्यांना न ऐकवता ती पाठवणं वर्षालीला पटेना. त्या दुखावल्या तर कागद फाडून टाकायचे, असं ठरवूनच ती दुकानात बसली.

मनकर्णाबाई झेंडू ओवता ओवता ऐकत होत्या. गोष्टीतली बाई मयताच्या हारात आदल्या दिवशीची फुलं घालते, हे वाक्य आलं तसा वर्षालीचा आवाज बारीक झाला. मनकर्णाबाई मात्र हसल्या. सगळेच घालतात म्हणाल्या, मुरदा काय वास घेते?

वर्षालीचा जीव भांड्यात पडला. पुढचं ती मोकळेपणानं वाचत गेली. बाईच्या मुलीला फुकट शिकवणारे मास्तर वारतात. त्या दिवशी बाई ताज्या फुलांची टोपली उघडते आणि एकेक फूल निवडून त्यांचा हार करते.

मास्तर म्हणजे वर्षालीचे बाबा. मुलगी म्हणजे मनकर्णाबाईंची रूपाली.

सुई थांबली.

"हे काढून टाक."

"का, मावशी? चांगलंच तर लिहिलंय."

"म्हणूनच काढ. तुह्या बाबाच्या हारातबी कालचेच फुलं व्हते. ताजे लग्नाच्या घरी गेले."

त्याच हारावर डोकं टेकून वर्षाली रडली होती.

"रूपालीला त्यांनी..."

"शिकवलं. देवमाणूस व्हता. मीबी लय रडली. पण हात कालच्याच टोपलीत गेला." आवाजात लाज नव्हती, माफीही नव्हती. "लिवायचं असन तं मले लिव. माह्या जागी दुसरीच बाई काहून बसवून राहिली?"

तेवढ्यात एक माणूस अनवाणीच आला. वडील गेले होते, हार पाहिजे होता. मनकर्णाबाईंनी त्याला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं, कसे गेले ते विचारलं. ऐकताना त्यांचे डोळे खरोखर भरून आले. मग मागच्या, कालच्या फुलांच्या टोपलीतला हार उचलून त्यांनी त्याच्या हातात ठेवला.

तो माणूस हार छातीशी धरून रस्त्यापलीकडे गेला.

वर्षालीनं पेन काढलं आणि मास्तरांच्या हारातली ताजी फुलं खोडली. वर लिहिलं, कालचीच.