रेइयोंचा डावा पाय

रेइयो कांकाला आमच्या गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. माझं लग्न लागलं ते त्यांच्या वाजवण्यावर, आणि माझ्या वडिलांना आम्ही कबरीपर्यंत पोहोचवलं तेही त्यांच्याच. त्यामुळे जानेवारीतल्या एका दुपारी ते बुटक्या हिरव्या स्पोर्ट्स कारमधून माझ्या गोठलेल्या तळ्यावर उतरले, तेव्हा वाट चुकले असं वाटलं.

मी पूर्वी मोटारींच्या रॅली शर्यतीत गाडी चालवायचे. आता तळं गोठलं की त्यावरचं हिम बाजूला सारून वळणावळणाचा रस्ता काढते आणि लोकांना घसरड्यावर गाडी चालवायला शिकवते.

"सोइले, मला डाव्या पायाने ब्रेक मारायला शिकव," ते म्हणाले.

"या वयात रॅलीत उतरताय की काय?"

"उतरायचं नाही गं. बसून राहायचंय, जमेल तेवढे दिवस."

मी हसले. ते हसले नाहीत, हे नंतर लक्षात आलं.

गाडी ऑटोमॅटिक होती. तिला क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काही कामच नाही. पण जन्मभर क्लच दाबलेल्या पायाला हलकं दाबणं ठाऊक नसतं. तो ब्रेकवर ठेवला की खाडकन तळाला जातो आणि शेजारच्याचं कपाळ काचेकडे. म्हणून मी पट्टा आवळून बसले.

रेइयोंनी जाड बूट काढले आणि पिशवीतून पातळ तळव्यांचे काळे बूट काढून घातले; चर्चच्या ऑर्गनला पायांनी वाजवायच्याही पट्ट्या असतात, त्यासाठीचे. टाच खाली टेकवली, चवड्याने पेडल दाबलं. गाडी कळेल न कळेल अशी थांबली. पहिल्याच दिवशी असं कुणालाच जमलं नव्हतं.

"मंद्राचे सूर डाव्या पायाखाली असतात," ते म्हणाले. "त्याला सवय आहे."

पुढचं त्यांनी भराभर उचललं. वळणाआधी डाव्याने किंचित दाबायचं, वजन पुढच्या चाकांवर आलं की नाक आत वळतं, मग डावा सोडत सोडत उजव्याने ॲक्सिलरेटर दाबून गॅस द्यायचा. ते गुणगुणत चालवायचे. मला वाटलं, माणूस म्हातारपणी मजा करतोय.

मग एके दिवशी, लांबच्या वळणावर, गॅस सुटलाच नाही. इंजिन किंचाळलं, मागची चाकं बाजूला फेकली गेली. समोर हिमाचा बांध, आणि बांधापलीकडे ओढा तळ्याला मिळतो. तिथे बर्फ पातळ असतो.

"गॅस सोडा!" मी ओरडले.

त्यांनी सोडला नाही. पण डावा पाय ब्रेकवर होता आणि तो तसाच दाबून राहिला. गाडी बांधात नाक खुपसून थांबली. मी हात घालून इंजिन बंद केलं. रेइयोंनी दोन्ही हातांनी आपला उजवा गुडघा धरला आणि सामान हलवावं तसा पाय पेडलवरून उचलून बाजूला ठेवला.

"कधीपासून?"

"उन्हाळ्यापासून. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरतात म्हणे. आधी पाऊल, मग पाय, मग हात. शेवटी श्वास." हवामान सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

"आणि चर्चमध्ये?"

"एकाच पायाने वाजवतोय. कुणाला कळलं नाही. पाद्रीबाबा म्हणाले, हल्ली फार भावपूर्ण वाजवता."

"आणि इथवर रस्त्याने कसे आलात?"

मला संताप आला.

"त्या रस्त्यावर पोरं चालतात, रेइयो."

किल्ली मी खिशात घातली आणि त्यांच्या बायकोला, मार्युतला, फोन केला.

ती टॅक्सीने आली. बांधात अडकलेली गाडी तिने पाहिली, मग नवऱ्याकडे पाहिलं.

"तू सरावाला चर्चमध्ये जातोस, असं सांगत होतास मला."

"सरावच चाललाय."

"तोंड वर करून बोलू नकोस. माझ्या दारी पोलीस बातमी घेऊन यायला हवे होते का?"

त्यांनी मान खाली घातली. ती माझ्याकडे वळली. "तूच सांग त्याला. माझं काही ऐकत नाही."

मी सांगितलं. रस्त्यावर पुन्हा कधीच नाही. तळ्यावर यायचं तर मार्युतने गाडी चालवत आणायचं. लांबचं वळण मी बंद करेन आणि गॅसच्या पेडलखाली लाकडी ठोकळा बसवेन, म्हणजे पाय अडकला तरी गाडी पळणार नाही.

मार्युत म्हणाली, "त्या ऑर्गनपाशी आता त्याला रडूच येतं."

फेब्रुवारीभर ती त्यांना आणत राहिली. ती काठावर शेकोटीपाशी पाठमोरी बसायची, सॉसेज भाजायची, गाडीकडे बघायची नाही. एकदा तिने विचारलं, "जमतं का त्याला?"

"माझ्याहून छान."

"मग अजूनच वाईट," ती म्हणाली.

मार्चमध्ये बर्फावर पाणी साचू लागलं. त्या दिवशी रेइयोंनी एक फेरी मारली, दुसरी अर्ध्यात थांबवली. ब्रेक जरा उशिरा लागला होता, मलाही जाणवलं होतं.

"डावाही गेला," ते म्हणाले. "अंगठा ऐकत नाही."

"दमला असाल."

"सोइले, खोटं नको."

बुटक्या सीटमधून त्यांना उठता येईना. मार्युत धावत आली. मी काखेत हात घातले, तिने पाय धरले. आम्ही ओढत होतो आणि ते लहान मुलासारखे "सॉरी, सॉरी" म्हणत होते. शेवटी निघाले. शेकोटीपाशी खुर्चीत बसवलं तेव्हा तिघंही धापा टाकत होतो.

"आता तू चालव," ते मला म्हणाले. "मी ऐकतो."

मी ठोकळा काढला आणि चार फेऱ्या मारल्या. परत आले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते.

"दुसऱ्या वळणावर घाई केलीस."

केली होती.

मार्युतने गाडी मेमध्ये विकली. रेइयो पुढच्या डिसेंबरात गेले, श्वासाच्या यंत्राला त्यांनी आधीच नकार दिला होता. अंत्यविधीला ऑर्गनवर शेजारच्या गावची कुणी तरुण मुलगी होती. ती चांगलं वाजवत होती. मार्युत पहिल्या बाकावर शेवटपर्यंत कानांवर हात ठेवून बसली होती आणि कुणीही तिला ते काढायला सांगितलं नाही.