चिमट्यातला कोरा फॉर्म

मी आत आहे. लोखंडी कपाटात, खालून दुसऱ्या कप्प्यात. कुलूप बाहेरून आहे. मला तोंड नाही, तरी बोलतोय. कुणी ऐकत असेल तर ऐका.

मी एक पॅड. मुलं परीक्षेला नेतात तो, तपकिरी जाड पुठ्ठ्याचा, वर लोखंडी चिमटा असलेला. मला एका बापाने आपल्या मुलासाठी आणलं होतं. मुलगा आठवीत होता. गणिताच्या पेपराला तो मला घेऊन बसला, अर्धा तास पेनाचं टोपण चावलं, मग मला उलटं करून माझ्या पाठीवर एक रॉकेट काढलं आणि उठून घरी निघून आला. त्यानंतर तो शाळेत गेलाच नाही.

घरात त्याला सगळे फटाक्या म्हणत. कधी पेटेल सांगता यायचं नाही.

मग माझे हाल सुरू झाले. कधी मी पिंपावरचं झाकण, कधी उकडायला लागलं की पंखा. एकदा तर माझ्यावर कांदा चिरला. तो ओरखडा अजून आहे. शेवटी फटाक्याच्या ताईने मला धुऊन पुसून उन्हात ठेवलं. ती सात वर्षांनी मोठी. कॉलेज करता करता तिला घरोघरी जाऊन माहिती गोळा करायचं काम मिळालं होतं.

"तुझा पॅड नेऊ का रे?" तिने विचारलं.

"ने की. त्याला तरी पास कर," फटाक्या म्हणाला.

त्या दिवसापासून तेरा वर्षं मी ताईच्या हातात होतो. किती उंबरठे पाहिले! कपडे धुण्याच्या कारखान्यातल्या बायका, विटा वाहणारे, रात्रपाळीचे पहारेकरी. ताई कधी खुर्ची मागायची नाही. जिथे माणूस बसेल तिथे बसायची आणि मला मांडीवर घ्यायची. लोक आधी मलाच बघायचे. पॅड घेऊन बाई आली म्हणजे काहीतरी मिळणार, नाहीतर काहीतरी जाणार, असं त्यांना वाटायचं. गरीब माणूस प्रश्नाचं उत्तर देण्याआधी विचारणाऱ्याचा चेहरा वाचतो, हे मी तिथे शिकलो.

ती शिकत गेली, मोठी होत गेली. मजुरी आणि गरिबी, हाच तिचा विषय. पुढे ती अर्थतज्ज्ञ म्हणून एका मोठ्या कार्यालयात लागली. तिथे टेबलांवर काच होती. सगळ्यांकडे चकचकीत फोल्डर होते, हिच्याकडे मी. वर्षातून एकदा भांडार सांभाळणारे काका ऑफिसच्या वस्तूंवर पांढऱ्या रंगाने नंबर टाकायचे. एका वर्षी त्यांनी झपाट्यात माझ्या पाठीवरही नंबर ओढला, बरोबर रॉकेटच्या शेपटावर.

"अहो काका, हा माझ्या भावाचा पॅड आहे!"

"आता झाला ऑफिसचा. वहीत चढवला पण," काका म्हणाले. दोघंही हसले. मीही हसलो. तेव्हा मला काय माहीत?

ताईची एक रीत होती. पाहणीचा नवा फॉर्म तयार झाला की तो आधी फटाक्याला विचारायचा. आठवीतून पळालेल्या भावाला जो प्रश्न कळणार नाही, तो प्रश्नच चुकीचा, असं तिचं म्हणणं. सकाळी तो चहा पीत असताना ती मला घेऊन समोर बसायची.

"मागच्या आठवड्यात एक तास तरी काम केलंस का?"

"एक तास? का गं?"

"एक तास केलं असेल तर माणूस कामाला आहे असं धरतात. नियम आहे."

"मग मी एक तास अंघोळ केली तर आठवडाभर स्वच्छ का?"

ताई इतकी हसली की चहा माझ्यावर सांडला. पण तिने ते वाक्य जसंच्या तसं कोपऱ्यात लिहून घेतलं.

फटाक्या गोदामात माल उतरवायचा. सकाळी सहाला फाटकावर उभं राहायचं. ट्रक आला तर मुकादम नावं पुकारणार, नाही आला तर दहा-साडेदहाला घरी. दोन तास काम मिळालं तरी तो कागदावर कामाला. फाटकाबाहेरचे चार तास कुठेच नाहीत. ताईला ते चार तास फॉर्ममध्ये हवे होते. चौदावा प्रश्न म्हणून तिने तो लिहिला: काल कामाची वाट बघण्यात किती तास गेले?

बैठकीत मी तिच्यासमोर टेबलावर होतो. मोठे साहेब म्हणाले, "बाई, थांबणं मोजायला लागलो तर सगळं जगच कामावर आहे म्हणावं लागेल."

"साहेब, माझा भाऊ रोज चार तास फाटकाबाहेर उभा असतो," ताई म्हणाली. "ते तास त्याचे नाहीत. मालक म्हणतो माझेही नाहीत. मग ते आहेत कुणाचे?"

सहा वर्षं ती हा प्रश्न मांडत होती. शेवटी साहेब म्हणाले, चाचणी करा. वीस फॉर्म पूर्ण भरून आले तर छापू. एक जरी कमी असेल तर विषय संपला.

एकोणीस फॉर्म तिने आठवड्यात आणले. विसावा भावाचा. माझ्या चिमट्यात तो नेहमीच सगळ्यात वर असायचा.

त्या सकाळी ती मला घेऊन त्याच्यासमोर बसली. आदल्या दिवशी तो फाटकावरून रिकाम्या हाताने परत आला होता. मला त्याच्या बोटांवरूनच कळलं होतं. कप धरला होता, पीत नव्हता.

"काल किती वेळ थांबलास रे?"

"रोज काय तेच तेच!" तो पेटलाच. "तुझ्या प्रश्नांनी फाटक कधी लवकर उघडलं का? मला विचारून विचारून तू कुठे पोहोचलीस बघ. मी आहे तिथेच आहे."

ताईने पेनाला टोपण लावलं. मग म्हणाली, "बरं. संध्याकाळी सांग."

"संध्याकाळीही नाही."

कप तसाच ठेवून तो फाटकाकडे निघून गेला. तिने कोऱ्या फॉर्मच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, मला पिशवीत घातलं. ऑफिसात आल्यावर तिने मला कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि बैठकीला गेली. थोड्या वेळाने जिन्यावर काहीतरी पडल्याचा आवाज आला. मग धावणारी पावलं. कुणीतरी ओरडलं, "पाणी आणा, पाणी!" मी आतून सगळं ऐकलं. चिमट्याने कागद घट्ट धरून ठेवले. दुसरं काय करणार?

डोक्यातली शीर फुटली, असं काका दुसऱ्या दिवशी कुणालातरी सांगत होते. चौतीस वर्षांची होती.

पर्स घरी गेली. किल्ली पर्समध्ये. आणि मी इथे. दिवस मोजायला उजेड लागतो, तो मला फक्त दाराच्या फटीतून मिळायचा, धाग्याएवढा. तो दिसला की सकाळ, गेला की संध्याकाळ. संध्याकाळ झाली की मला वाटायचं, आता ती येईल आणि त्याला विचारायला मला घरी नेईल. वेडाच मी. पण सवय सुटत नाही.

बाहेरचं बोलणं कानावर यायचं. फॉर्म छापायला जाणार होते. चाचणीचे कागद बाईंच्या कपाटात. भावाला पत्र पाठवलंय, किल्ली आणून दे म्हणून. उत्तर नाही. "शुक्रवारी पाचपर्यंत वाट बघा," साहेब म्हणाले. "नाहीतर चौदावा काढून टाका." मी कपाटाच्या पत्र्याला टेकून ओरडत होतो. पुठ्ठ्याचा आवाज कुणाला ऐकू जातो?

शुक्रवारी दुपारी कुलपात किल्ली फिरली.

दार उघडलं आणि समोर फटाक्या. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मागे काका.

"पत्र पाठवलं होतं रे तुला."

"फाडलं. वाचलं नाही." त्याने मला उचललं आणि छातीशी धरलं. "हा माझा आहे. मी नेणार."

"मागे नंबर आहे बघ. वहीतून कमी झाल्याशिवाय बाहेर नाही नेता येत."

"मागे मी काढलेलं रॉकेटही आहे. ते दिसत नाही का?"

"दिसतं रे बाबा. पण वहीत रॉकेट नाही लिहिलेलं." काकांनी तोंड फिरवलं. ते खिडकीकडे बघत राहिले.

फटाक्या भांडणार होता. मला माहीत आहे तो श्वास. तेवढ्यात त्याची नजर वरच्या फॉर्मवर गेली. त्याचंच नाव, खाली सगळं कोरं, आणि कडेला ताईचं पेन्सिलीचं अक्षर. तो बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागला. 'चिडलाय. उपाशी गेला असेल. संध्याकाळी विचारणे.'

तो खाली फरशीवरच बसला. त्याच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या कांद्याच्या ओरखड्यात साचलं.

काका घड्याळाकडे बघून म्हणाले, "पाच वाजता कागद जाणार. एकोणीसच आहेत. वीस लागतात."

"विसावा कोण?"

"तूच."

त्याने हात पुढे केला. काकांनी पेन दिलं. मांडी घालून त्याने मला मांडीवर घेतलं, अगदी ताई घ्यायची तसं. तेरा वर्षांनी तो पुन्हा माझ्यावर लिहीत होता. मध्येच त्याने विचारलं, "कालचं लिहू का?"

"फॉर्मवर तारीख आहे ना, तिच्या आदल्या दिवसाचं लिही. खरं तेच लिही."

चौदाव्या प्रश्नापुढे त्याने वाकड्या अक्षरांत लिहिलं: साडेचार तास. काम मिळालं नाही.

शेवटी शेऱ्याची रिकामी जागा होती. तिथे तो खूप वेळ पेन टेकवून बसला. मग लिहिलं: ताईने त्याच दिवशी विचारलं होतं. मी सांगितलं नाही.

चिमटा उघडला. वीसच्या वीस कागद निघून गेले. इतके दिवस धरून ठेवलेलं सुटलं, आणि मला हलकं नाही वाटलं, रिकामं वाटलं. मला परत कप्प्यात ठेवून त्याने किल्ली काकांच्या हातात दिली. जाताना मला म्हणाला, "येतो रे. नंबर पुसला की येतो."

अजून पुसलेला नाही. वही तपासायला वर्षातून एकदाच निघते. पण मध्ये एकदा काकांनी दार उघडलं, नव्या छापलेल्या गठ्ठ्यातला एक फॉर्म माझ्या चिमट्यात अडकवला आणि कुलूप लावलं. फटीतून धाग्याएवढा उजेड आला तेव्हा मी वाचला. चौदावा प्रश्न आहे.

तुमच्या दाराशी कधी कुणी पॅड घेऊन आलं, "काल काय झालं?" म्हणून विचारलं, तर चिडलेले असलात तरी तेव्हाच सांगा. त्यांना संध्याकाळवर टाकू नका.

मी अजून फटीकडे बघतोय. उजेड आत्ताच गेला.