हलका पाय

गाडीत नऊ वस्तू होत्या. मागच्या सीटवर दोन उशा, एक पातळ आणि एक कमरेमागे ठेवायची फुगीर. दाराच्या कप्प्यात चष्म्याचं घर, पाण्याची बाटली आणि पुसायचं फडकं. पुढच्या खणात टॉर्च, टायरमधली हवा मोजायचं यंत्र आणि अर्धी संपलेली औषधाची पट्टी. शेवटची वस्तू सीटखाली मिळाली. पुरुषाची चप्पल, डाव्या पायाची.

गाडी आत घेताना सामान मालकासमोर मोजून परत करायचं, हा वर्कशॉपचा शिरस्ता होता. पायलट चप्पल हातात धरून थांबला.

"ह्यांची आहे," सिस्टर म्हणाल्या. "त्या दिवशी कुणीतरी उचलून आत टाकली असेल."

सिस्टर निवृत्त परिचारिका होत्या. नोकरी सुटली तरी ते नाव त्यांना चिकटून राहिलं होतं. पायलटचंही तसंच. त्यानं पंधरा वर्षं ट्रक चालवला आणि आता या वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालेल्या गाड्यांची ट्रायल घ्यायचं काम तो करायचा, म्हणून पोरांनी त्याला पायलट केलं होतं.

"पुढचा बंपर आणि दिवा तेवढा बदला," सिस्टरचा मुलगा म्हणाला. "मग विकूनच टाकायची. आईला आता गाडी नको."

"झालं काय पण?" पायलटनं विचारलं. विचारायला नको होतं असं त्याला लगेच वाटलं.

"गेटच्या अलीकडे स्पीडब्रेकर आहे. तो ओलांडून ही रोज एका ठिकाणी थांबते. तिथून गेट दीड मीटर. बाबा गेट उघडायला उतरलेले. त्या दिवशी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला हिनं. बाबांचा गुडघा गेटला दाबला गेला."

"पाय ब्रेकवरच होता रे," सिस्टर हळूच म्हणाल्या.

"असं तुला वाटतं, आई. वय झालं की होतं असं. कुणी तुला बोलतंय का?"

सिस्टरनी पायलटकडे पाहिलं. "ट्रायल तुम्हीच घेतली होती ना? तीनदा आणली होती मी. खड्ड्यावरून जाताना ब्रेक क्षणभर सुटतो म्हणाले होते."

"हो."

"काही सापडलं नव्हतं."

"नाही सापडलं."

"मग माझंच चुकलं असणार." त्यांनी किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली. "तुम्ही तरी किती वेळा बघणार? तिन्ही वेळा नीट बोललात, चहासुद्धा पाजलात. आभारी आहे."

चहा पाजला होता, हे खरं होतं. आणि पाजताना तो म्हणाला होता, "सिस्टर, हायब्रीड आहे ही. ब्रेक जरा वेगळा लागतो. सवय होईल." हे वाक्य त्याचं पाठ झालेलं होतं. मालकाला दिसणाऱ्या आणि ट्रायलमध्ये न दिसणाऱ्या दोषाला वर्कशॉपमध्ये भूत म्हणत. पायलट ट्रायलवरून परतला की पोरं ओरडायची, "सापडलं का भूत?" तो मान हलवायचा आणि सगळे हसायचे. तिसऱ्या वेळी सिस्टर आतल्या बाकावर बसून होत्या. ते हसणं त्यांनी ऐकलं असेल का, याचा विचार त्यानं आजवर केला नव्हता.

संध्याकाळी तो बायकोला शिवणाच्या दुकानातून आणायला गेला. पायानं ब्रेक लावायच्या जुन्या स्कूटरवर ती मागं बसली, मांडीवर शिवून झालेल्या कपड्यांचा गठ्ठा. नाक्यावरच्या गतिरोधकाशी त्यानं ब्रेक दाबला आणि तिचं कपाळ त्याच्या पाठीवर आदळलं.

"अहो, ब्रेक मारता की सूड उगवता?"

"स्पीडब्रेकर होता."

"मला दिसत होता की. लांबून हळू दाबत आणायचं असतं. पंचवीस वर्षं तुमच्या पाठीवर कपाळ आपटतेय मी. ट्रक गेला, पण पाय ट्रकचाच राहिला."

एरवी तो यावर काहीतरी उलट बोलला असता. आज पुढच्या चौकात त्यानं मुद्दाम हळू ब्रेक दाबायचा प्रयत्न केला. जमला नाही. सुरुवातीचा हलका दाब त्याच्या पायाला ठाऊकच नव्हता.

"काय झालं?" बायकोनं विचारलं.

"काही नाही. तू बोललीस ते बरोबर आहे."

"बापरे. ताप आहे का तुम्हाला?"

जेवताना त्याचं लक्ष नव्हतं. या गाडीचे ब्रेक दोन प्रकारे लागतात, हे त्याला कंपनीच्या प्रशिक्षणात शिकवलं होतं. पाय हलका असेल तर विजेची मोटरच चाकांना रोखते आणि त्यातून बॅटरी चार्ज होते. पाय जोरात पडला तर नेहमीचे, तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक लागतात. हलक्या ब्रेकमध्ये चाक उसळलं की मोटर पकड सोडते आणि तेलाचा ब्रेक पकड घेतो. सोडणं आणि घेणं यांच्या मध्ये वेळ जात असेल, तर तो फक्त हलक्या पायालाच कळणार. पायलटचा पाय पहिल्यापासून तेलाच्या ब्रेकवर होता. तो भूत शोधायला जायचा आणि जाताना त्याला स्वतःच्या पायानं हाकलून द्यायचा.

आणि ही तक्रार आणणाऱ्या सिस्टर एकट्या नव्हत्या. पोटुशी बायको शेजारी बसवून आणणारा एक जण होता. शाळेत शिकवणारी एक बाई होती, ती रडवेली झाली होती. सगळ्यांना त्यानं सवय होईल म्हणून सांगितलं होतं.

सकाळी तो साहेबांच्या केबिनमध्ये गेला. साहेब म्हणजे वर्कशॉपचे मॅनेजर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे टोकलं नाही.

"ट्रायलला तू एकटाच असतोस ना?"

"एकटाच."

"हे खरं निघालं तर मागच्या सगळ्या तक्रारी उघडाव्या लागतील, पायलट. कंपनी पहिल्यांदा विचारणार, गाडी ठीक आहे असं लिहून कुणी दिलं? प्रत्येक ठिकाणी सही तुझी आहे. तुझीच गच्छंती होईल. मुलीचं कॉलेज चालू आहे ना तुझ्या?"

"आहे."

"गाडी ते विकतायत. म्हातारी घरी बसतेय. प्रकरण मिटलंय."

"विकत घेणारा घरी बसणार नाही, साहेब." पायलट म्हणाला. "आणि त्या घरात बसून काय म्हणतायत माहितीय का? माझंच चुकलं म्हणतायत. नवऱ्याचा गुडघा मीच मोडला म्हणतायत."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "बंपर बसू दे," ते म्हणाले. "मग मागच्या रस्त्यावर काय करायचं ते कर. मला बोलावू नकोस."

"तुम्हाला बोलावणारच. मोजायला तुम्हीच पाहिजे. माझ्या शब्दावर तीनदा विश्वास ठेवलात, आता नका ठेवू."

बंपर बसल्यावर पायलटनं बोलावलं, तेव्हा सिस्टर आल्या त्या नवऱ्याला घेऊन, टॅक्सीनं. डाव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत प्लॅस्टर, काखेत कुबडी. पोरांनी त्यांना रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, प्लॅस्टिकची खुर्ची दिली.

"मी पुन्हा गाडीपुढं उभं राहायचं का?" त्यांनी विचारलं. "दुसरा गुडघा शिल्लक आहे अजून."

"गप्प बसा हो तुम्ही," सिस्टर म्हणाल्या. पण गाडीच्या दाराला हात लावायला त्या धजत नव्हत्या. "मला नाही जमणार. त्या दिवसापासून मी स्टिअरिंगला हात लावलेला नाही."

"सिस्टर, ब्रेक तुम्ही कसा दाबता?"

"कसा म्हणजे? ह्यांच्या कण्याचं ऑपरेशन झाल्यापासून हळूच दाबते. धक्का बसला की कळ येते ना ह्यांना." त्यांनी उजव्या हाताचा अंगठा पुढे करून दाखवला. "इंजेक्शनचा दट्ट्या दाबतो ना आपण, तसा. चाळीस वर्षांची सवय आहे."

पायलट त्या अंगठ्याकडे पाहत राहिला. पहिल्या खेपेलाच हे विचारलं असतं तर त्यांनी पहिल्या खेपेलाच दाखवलं असतं.

"तसाच दाबायचा," तो म्हणाला. "माझ्यासारखा नाही."

त्यानं मागच्या रस्त्यावरच्या गतिरोधकाच्या पुढे, सिस्टर घरी जिथं थांबायच्या तेवढ्याच अंतरावर, खडूनं आडवी रेघ ओढली. आधी तो स्वतः गाडी घेऊन आला, गतिरोधकावरून, नेहमीसारखा ब्रेक मारत. पुढची चाकं बरोबर रेघेवर थांबली. याच रस्त्यावर, याच गतिरोधकावर तो तीनदा असाच थांबला होता. पोरांपैकी कुणी हसलं नाही.

मग तो सिस्टरच्या शेजारी बसला. पहिल्या दोन फेऱ्या त्यानं उलट बाजूनं, मधे गतिरोधक न येता, सपाट रस्त्यावरून घ्यायला लावल्या. सिस्टरनी स्टिअरिंग घट्ट धरलं होतं, पाय मात्र हलकाच होता. दोन्ही वेळा गाडी रेघेवर थांबली, इतकी अलगद की थांबल्याचं कळलंसुद्धा नाही.

"आता गतिरोधकावरून," पायलट म्हणाला. "रोज घरी येता तेवढ्याच वेगानं. रेघेपुढं दीड मीटरवर गेट आहे असं समजा."

"गेट नका म्हणू."

"बरं. नुसती रेघ बघा."

गाडी वळली. पायलटनं रस्त्याकडे पाहिलं नाही, तो खाली वाकून त्यांच्या पायाकडे पाहत होता. पांढरा कॅनव्हासचा बूट पेडलवर टेकला आणि सावकाश दाबत गेला. चाकं गतिरोधकावर चढली, उतरली. बूट तसाच होता, दाबलेला. आणि गाडी, कुणी दोरी कापावी तशी, मोकळी सुटली. मग ब्रेक लागला, पण गाडी रेघ ओलांडून थांबली.

"बघितलंत?" सिस्टर ओरडल्या. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "पाय होता ना? ब्रेकवर होता ना माझा पाय?"

"होता," पायलट म्हणाला. "ब्रेकवरच होता, सिस्टर. मी बघितला." पुढं त्याला माफी मागायची होती, पण आधी मोजायचं होतं. तो उतरला आणि खिशातली टेप काढली.

साहेब केबिनमधून केव्हा येऊन उभे राहिले होते, कुणालाच कळलं नव्हतं. पायलटनं टेप त्यांच्या हातात दिली. साहेबांनी ती घेतली.

"टोक कोण धरणार?"

"इकडे द्या," खुर्चीवरून आवाज आला. सिस्टरचे यजमान प्लॅस्टरचा पाय पुढे टाकत रेघेपर्यंत आले. वाकणं शक्य नव्हतं. साहेबांनी टेपचं टोक रेघेवर ठेवलं आणि यजमानांनी त्यावर कुबडी टेकवली, घट्ट.

साहेब टेप ओढत पुढच्या चाकापर्यंत गेले, गुडघ्यावर बसले आणि आकडा मोठ्यानं वाचला.

"एक मीटर अठ्ठ्याहत्तर सेंटिमीटर."