पैसे परत फेकणारी पेटी

ज्या वर्षी भाचीने नवरा सोडून मांजर आणलं, त्याच वर्षी दादाच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, कुलपं-किल्ल्या करणारा. डावा डोळा आधीच गेलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पंधरा दिवसांत ऑपरेशन करा, नाहीतर दुकान बंद करा.

पण दादा कुणाच्या हातून पैसे घेईल तर शपथ! म्हणून त्याच्या मुलीने, म्हणजे या भाचीनेच, कॉम्प्युटरवर स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहिलं. ती एक पेटीच. नातेवाइकांनी 'हे जमा कर' असा हुकूम धाडायचा, सोबत क्रिप्टोची, म्हणजे इंटरनेटवरची, नाणी. कारकून नाही, खजिनदार नाही. लिहिलेल्या नियमांप्रमाणे पेटीच ती ठेवून घेणार.

पहिला फोन दादाच्या मेहुण्याचा. "भावोजी, तुमच्या पोरीची पेटी पैसे परत थुंकते! वर पाठवण्याची फी गेली ती गेलीच."

"माझ्या वळणावर गेलीय," दादा खूश.

भाचीने तपासलं आणि कपाळाला हात लावला. या हुकमासोबत पैसे चालतील, असं सांगणारा एक शब्द लिहायचा राहिला होता. तो नसला की नाण्यांसकट अख्खा हुकूम परत. आणि एकदा मांडलेली पेटी दुरुस्त होत नाही. नवीच करावी लागते.

तिने दुसरी लिहिली. या वेळी दादा अडून बसला. "मांडायच्या आधी मला एकेक ओळ वाचून दाखव."

"बाबा, तुम्हाला काय कळणार त्यातलं?"

"चाळीस वर्षं लोकांची कपाटं उघडतोय. वाच."

तिने वाचलं. हुकमासोबत आलेले पैसे आत. हुकमाशिवाय नुसतेच आले, तरी आत.

"आणि बाहेर कसे काढायचे गं?"

भाचीने सगळ्या ओळी पुन्हा वरपासून खालपर्यंत तपासल्या. मग माझ्याकडे वळली. "आत्या, ते मी लिहिलंच नाही."

"म्हणजे सगळ्या पाहुण्यांचे पैसे जन्मभर आत, आणि मी बाहेर आंधळा!" दादा इतका हसला की ठसका लागला.

तिसऱ्या पेटीत तिने तेही लिहिलं: पैसे जातील ते दवाखान्याच्या क्रिप्टो खात्यावर, दुसरीकडे कुठेही नाही. आठवड्याभरात रक्कम भरली, ऑपरेशन झालं. मी कुणाकडून दमडी घेतली नाही, पेटीने घेतली, असं दादा येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत सुटला. मेहुण्याने दात-ओठ खाल्ले, पण डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाशी भांडणार कोण?

त्या डोळ्यावर दादाने पुढे तीन वर्षं किल्ल्या घासल्या. चौथ्या वर्षी, नऊ मार्चला सकाळी, दादा वारला.