मोठा काफ

हाजरा परकारला कुराण तिच्या आईनं शिकवलं होतं. खाडीकाठच्या गावात, घराच्या पडवीत. आई सुपात तांदूळ निवडत एकेक आयत, एकेक ओळ, म्हणायची आणि हाजरा तिच्यामागून म्हणायची. आईचा एक हेल होता. आयत संपताना आवाज थोडा वर उचलायचा आणि सोडून द्यायचा. तो हेल हाजराच्या तोंडात जसाच्या तसा उतरला. लग्न होऊन ती भांडुपला सोनापुरात आली, सासू गेली, मुलगा मोठा झाला, तरी हेल तोच राहिला.

रोज सकाळी फजरची नमाज झाली की ती खिडकीपाशी बसून सूरह यासीन, कुराणातला तो अध्याय, वाचायची. नवरा याकूब खलाशी होता. वर्षातले कितीतरी महिने तो समुद्रावर असायचा, तेव्हा ती त्याच्या सलामतीसाठी वाचायची. तो घरी असला की पलंगावर डोळे मिटून पडायचा आणि ऐकायचा. त्याला स्वतःला फारसं वाचता येत नव्हतं. नमाजेपुरत्या चार सूरह पाठ, बस.

आता त्याचं जहाजावर जाणं कायमचं सुटलं होतं. फुप्फुसं कडक होत चालली होती, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की ती पुन्हा मऊ होणार नाहीत. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन दिवसरात्र घरघरत असायचं. पलंगापासून मोरीपर्यंत जाऊन आला की याकूबचे ओठ काळेनिळे पडायचे.

अशात एक दिवस सून तहसीन म्हणाली, "अम्मी, मशिदीमागच्या हॉलमध्ये बायकांसाठी तजवीदचा क्लास सुरू झालाय. कुठलं अक्षर तोंडात कुठून काढायचं, कुठं थांबायचं, सगळं शिकवतात. तुम्ही जा ना. दिवसभर या मशीनचा आवाज ऐकून डोकं फिरेल तुमचं. पहिल्या दिवशी मी येते सोबत."

शेजारच्या सुलक्षणाताई याकूबजवळ बसल्या आणि सासूसुना गेल्या.

शिकवणारी अफिया तिशीचीही नव्हती. मालेगावची मुलगी, लग्न होऊन मुलुंडला आलेली. आवाज असा की हॉलमधला पंखासुद्धा हळू झाल्यासारखा वाटावा. तिनं प्रत्येकीला एक छोटी सूरह म्हणायला सांगितली. हाजराची पाळी आली. तिनं घसा साफ केला आणि आईच्या हेलात सुरू केलं, "कुल हुवल्लाहु अहद..."

"थांबा, खाला. पहिला शब्द पुन्हा म्हणा."

"कुल."

"हा छोटा काफ झाला, साधा क. इथं मोठा काफ आहे. तो जिभेच्या मुळातून येतो, पार मागून, पडजिभेजवळून." अफियानं म्हणून दाखवलं. विहिरीत दगड पडावा तसा आवाज आला. "मोठ्या काफनं म्हटलं तर अर्थ होतो 'सांग'. छोट्यानं म्हटलं तर होतो 'खा'."

बायका हसल्या. कुणी वाईट मनानं हसलं नव्हतं, हाजराही त्यांच्यात हसली. मग तिचं हसू हळूहळू उतरलं.

"म्हणजे मी इतकी वर्षं काय म्हणत होते?"

अफिया तिच्याजवळ येऊन बसली. तिचा हात हातात घेऊन बराच वेळ काहीतरी समजावत राहिली. हाजरा मान हलवत होती, पण लक्ष सगळं घशात होतं. जीभ मागे मागे नेत ती तो काफ शोधत होती.

घरी येताना तिला आईचं आठवत राहिलं. आई वारली तेव्हा तिनं आईच्या नावानं अख्खं कुराण वाचून काढलं होतं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, रडत रडत. त्यातलं आईपर्यंत काय पोचलं असेल? कबरीत पडलेल्या आईला मुलगी रोज सांगत होती, खा, खा.

क्लासचा नियम होता की धडा पक्का होईपर्यंत घरी फक्त शिकलेलंच म्हणायचं, नाहीतर जिभेची जुनी सवय सुटत नाही. हाजरानं तो नियम घट्ट धरला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीपाशी बसलीच नाही. आरशासमोर तोंड उघडून उभी राहिली आणि घशातून आवाज काढू लागली. क. क. क.

"घरात कावळा शिरला काय गे?" पलंगावरून याकूब म्हणाला. स्वतःच्याच विनोदावर हसला आणि हसता हसता खोकत सुटला. खोकला थांबायला वेळ लागला. मग म्हणाला, "यासीन वाच ना."

"थोडं थांबा. नीट शिकते, मग वाचते. चुकीचं वाचून गुन्हा कशाला पदरात घ्यायचा?"

"मला तर कधी चुकीचं वाटला नाय."

"तुम्हाला काय कळतंय त्यातलं?"

हे जरा जोरातच गेलं. याकूबनं नाकातली नळी नीट केली आणि छताकडे बघत म्हणाला, "बरं. शीक."

ती मनापासून शिकली. 'मोठी हे' हे अक्षर घशाच्या मधून, 'छोटी हे' घशाच्या तळातून. से म्हणताना जीभ दातांत, स्वाद म्हणताना तोंडभर. एक अक्षर जिभेची कड दाढांना लावून काढायचं होतं, ते तिला आठवडाभर सापडलं नाही. कवळी बसवलेल्या तोंडात कुठली दाढ नि कुठली कड! क्लासमधल्या तरण्या पोरी पुढे गेल्या. अफिया कधी चिडली नाही. "होईल, खाला," एवढंच म्हणायची. पण हाजराला प्रत्येक चूक सुईसारखी टोचायची.

जिन्यात सुलक्षणाताई भेटल्या. मालवणच्या बाई, मनात ते तोंडात. "काकी, हल्ली सकाळचो तुमचो आवाज येना नाय? बरा नाय काय तुमका?"

"बरी आहे गं. शिकतेय."

"आता आणि काय शिकतास?" सुलक्षणाताईंना खरंच कळलं नाही.

याकूबनं आणखी दोन-तीनदा विचारलं, मग विचारायचं सोडून दिलं. सकाळी तो खिडकीकडे तोंड करून पडलेला असायचा. एकदा दूध पाजताना तिला म्हणाला, "त्या तुझ्या बाईला सांग, जरा घाई कर म्हणावं." हाजरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "यासीनच सुरू करायचीय आता. पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात त्याला मुलुंडच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. तोंडावर घट्ट मास्क बांधला. मशीन हवा आत ढकलायचं आणि त्याची छाती मशीनच्या मर्जीनं वर-खाली व्हायची. दोन दिवसांनी डॉक्टरांनी मुलाला, इद्रिसला, बाजूला घेतलं आणि सांगितलं की ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या.

दुपारची वेळ होती. इद्रिस नातेवाइकांना फोन करायला बाहेर गेला. पलंगाशी हाजरा आणि तहसीन होत्या. याकूबनं मास्क बोटानं वर उचलला.

"हाजरा, वाच ना गे."

काय, ते सांगायची गरज नव्हती. हाजरानं डोक्यावरचा पदर पुढे ओढला, बिस्मिल्लाह म्हटलं. "यासीन." नीट गेलं. "वल-कुर..."

छोटा काफ आला होता.

ती थांबली. जीभ मागे नेली. "वल-कुर..." पुन्हा तोच. ज्या जागेवरून तो आवाज क्लासमध्ये दहातून सहा वेळा तरी यायचा, ती जागाच सापडेना. माणूस मरायला टेकलंय आणि आपण अल्लाहच्या शब्दात खोट घालायची? याच वेळी? तिनं पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा तिथंच अडकली. याकूब तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याला वाटलं, रडू येतंय म्हणून थांबतेय. त्यानं तिच्या हातावर हात ठेवला आणि मानेनं सांगितलं, चालू दे.

"मला नाही जमत," हाजरा तहसीनला म्हणाली. "मोबाइलवर लाव. कुणीतरी चांगला कारी लाव. नीट वाचणारा."

"अम्मी, तुम्हीच वाचा ना. जसं येतं तसं."

"लाव म्हणते ना!"

तहसीननं यासीन शोधून लावली आणि फोन याकूबच्या कानाशी धरला. दूर कुठल्यातरी देशातल्या माणसाचा भरदार, निर्दोष आवाज. प्रत्येक काफ विहिरीच्या तळातून आलेला. याकूबनं थोडा वेळ ऐकलं. मग मान दुसरीकडे वळवली. तहसीन फोन घेऊन त्या बाजूला गेली तर त्यानं डोळे मिटून घेतले. मध्येच वाचन तुटलं आणि एका बाईचा आनंदी आवाज कुठल्याशा साबणाचे गुण सांगू लागला. तहसीनला जाहिरात बंद करता येईना.

याकूबचा हात हाजराच्या हातात होता. तिनं तो धरून ठेवला, पण तोंड उघडलं नाही.

संध्याकाळी, मगरिबच्या अजानेआधी तो गेला.

अफिया तिसऱ्या दिवशी भेटायला आली. घरात बायका कुराणाचे भाग, पारे, वाटून घेऊन वाचत होत्या. हाजराच्या पुढ्यातला पारा मिटलेलाच होता. सगळ्या गेल्यावर तिनं हॉस्पिटलातलं सगळं सांगितलं. अफिया ऐकता ऐकता पांढरी पडली.

"खाला, तुम्ही वाचायचं होतं. अटकत अटकत, जीव लावून वाचणाऱ्याला दुप्पट सवाब आहे, दुप्पट पुण्य. तुमच्या अम्मीनं शिकवलेलं वाया गेलेलं नाही. चुकून झालं त्याचा गुन्हा नसतो."

"मग हे तेव्हा का नाही सांगितलंस?"

कपबशा उचलत असलेली तहसीन दारात थांबली. हळूच म्हणाली, "अम्मी, अफिया बाजींनी सांगितलं होतं. पहिल्याच दिवशी. तुमचा हात धरून हेच सांगत होत्या."

हाजरानं दोघींकडे पाहिलं. तिला अफियाचा हात आठवला, हलणारे ओठ आठवले. शब्द एकही आठवेना.

"पण मीसुद्धा म्हटलं ना, शिकलेलंच म्हणा," अफिया म्हणाली. तिचा तो आवाज चिरकला होता. "मला कळायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं, घरी कोण आहे, कसं आहे."

"तुझा काय दोष, पोरी," हाजरा म्हणाली. म्हणाली खरी, पण अफिया निघताना तिनं तिला पुन्हा ये म्हटलं नाही.

इद्दतीचे, नवरा गेल्यावर पाळायचे दिवस होते, घराबाहेर पडायचं नव्हतं. पलंगाची जागा रिकामी झाली होती आणि मशीन ज्याचं त्यानं नेलं होतं. एका सकाळी हाजरा खिडकीपाशी बसली. ठरवलं होतं की आज जुन्यासारखं वाचायचं. आईसारखं, सरसर, हेल काढून. चूक ती चूक. याकूबला ते ऐकायचं होतं, तर तेच त्याच्या नावानं वाचायचं.

सुरुवात केली आणि दुसऱ्याच आयतीत जीभ आपोआप मागे गेली. मोठा काफ आला, खोल, स्वच्छ. पुढची 'मोठी हे' घशाच्या मधून आली. तिनं जीभ पुढे ओढून पुन्हा म्हणून पाहिलं. छोटा काफ काढता येत होता, पण मुद्दाम, नक्कल केल्यासारखा, आणि त्याच्यावर हेल बसत नव्हता. आयतीच्या शेवटी आवाज वर उचलायला गेली तर थांबायचे नियम आडवे आले. तिनं बराच वेळ खटपट केली. पडवी आठवली, सूप आठवलं, आईचे हलणारे हात आठवले. चाल काही येईना.

तहसीन चहा घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. "अम्मी," ती म्हणाली, "किती छान वाचताय."

हाजरानं तिला हातानंच सांगितलं, ठेव तिथं. डोळे पुसले, बोट पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवलं आणि एकेक अक्षर त्याच्या जागेवरून काढत, सावकाश, वाचू लागली.