ऐकू न आलेली टिकटिक

एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन महादेवरावांना सहा वर्षं झाली होती, तरी जानेफळात कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो आधी त्यांच्याकडे येई. बोनेट उघडायचं, कान लावायचा आणि आत काय बिघडलंय ते सांगायचं, यावर त्यांचं गावात नाव होतं.

उपकेंद्रातल्या नर्स वंदनाताईंनी पंधरा वर्षं जुनी कार घ्यायचं ठरवलं, तेव्हा त्याही त्यांनाच सोबत घेऊन गेल्या. विकणाऱ्याने थंड गाडी चालू केली. महादेवराव वाकले. त्यांना इंजिनाची घरघर ऐकू आली, बाकी काही नाही. दोन वर्षांपासून बारीक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हते. मोबाईलची रिंग, नातीचं हळू बोलणं, काहीच. हे फक्त आशाबाईंना, त्यांच्या बायकोला, माहीत होतं. कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की ते उठून अंगणात जात.

त्या दिवशी त्यांनी निदान टॉर्च घेऊन धुराच्या पाइपाचे सांधे तरी बघायला हवे होते. पण भोवती चार माणसं उभी होती. त्यांनी सवयीने जरा वेळ कान लावला, मान हलवली आणि म्हणाले, "इंजिन टकाटक हाये. घेऊन टाका."

वंदनाताईंनी गाडी घेतली.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि गाडीच्या काचा बंद राहू लागल्या. दर शनिवारी वंदनाताई नऊ वर्षांच्या लेकीला, मयुरीला घेऊन खामगावला माहेरी जात. वाटेत पोरीचं डोकं दुखे, उलटी होई. तिला गाडी लागते, असंच सगळे समजले. मग एक दिवस वंदनाताई सर्व्हिसिंग करून आल्या त्या तडक महादेवरावांच्या ओट्यावर.

"काका, तो मेहकरचा मेकॅनिक म्हणते, सायलेन्सरच्या पाइपाचं पॅकिंग जळलं, चालू केल्याबरोबर टिकटिक आयकू येते. म्या त्याले चांगलं झापलं. म्हटलं, आमच्या काकानं कान लावून पाह्यली हे गाडी, तू काऊन खर्चात पाडून राह्यला?"

महादेवरावांच्या लगेच लक्षात आलं. इंजिनाला जिथे धुराचा पाइप जुळतो, तिथलं पॅकिंग जळलं की थंड गाडी टिकटिक करते, आणि गरम होऊन लोखंड फुगलं की आवाज दबतो. तोच धूर बोनेटखालून आत बसलेल्या माणसांपर्यंत येतो. वर्कशॉपमध्ये नव्या माणसांना हे त्यांनीच शिकवलं होतं. आता बोलायला हवं, हे त्यांना कळत होतं. पण बाई त्यांच्यासाठी भांडून आली होती.

"टॅपेटचा असन तो आवाज," ते म्हणाले. "जुन्या गाडीले राह्यतेच थोडा."

पुढच्याच शनिवारी, खामगाव जवळ आलं असताना, मयुरी मागच्या सीटवर आडवी झाली आणि हाका मारूनही उठेना. वंदनाताईंनी गाडी थांबवून तिला बाहेर काढलं, बांधावर निजवलं. मोकळ्या हवेत पोरीने डोळे उघडले. दवाखान्यात तिला ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी पहिलं हेच विचारलं, गाडीत धूर येतो का?

ही बातमी महादेवरावांना आशाबाईंनी सांगितली. दोनदा सांगावी लागली. ते जेवणाच्या ताटावरून उठले ते परत बसले नाहीत.

पोरगी घरी आली त्या दिवशी ते वंदनाताईंच्या दारात जाऊन उभे राहिले. मयुरी आतल्या खाटेवर बसली होती. तिच्याकडे त्यांना बघवेना.

"या न काका," वंदनाताई म्हणाल्या. "तुमी कायले मनाले लावून घेता? तुमी पाह्यली तवा चांगली असन. मांगून बिघडली."

सबब आयती समोर आली होती. हो म्हटलं की संपलं असतं. महादेवरावांनी चौकटीला हात धरला.

"नाही बाई. तवाच बिघडेल होती. मले आयकू येत नाही. दोन वर्सं झाले. त्या दिवशी म्या नुसता कान लावला, आयकलं काईच नाही. आन तुमी मेकॅनिकचं सांगतलं, तवा तर मले सारं समजलं होतं."

वंदनाताईंचे ओठ हलले. त्या काय बोलल्या ते त्यांना कळलं नाही, आणि पुन्हा विचारायची हिंमत होईना. मग त्याच जवळ आल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "तवा तरी सांगाले पाह्यजे होतं, काका." एवढंच. आणि आत गेल्या.

मेहकरहून नवं पॅकिंग आणून महादेवरावांनी दुसऱ्या दिवशी गाडी उघडली. सांध्यावर काजळीचा काळा पट्टा उमटलेला होता. तो बघायला कान लागत नव्हता. गंजलेले नट त्यांनी तेलात मुरू दिले, मग एकेक हळूच सोडवला. जुनं पॅकिंग पापडासारखं तुटून हातात आलं. त्यांनी दोन्ही बाजू खरवडून साफ केल्या, पट्टी धरून सपाट आहेत का पाहिल्या, नवं पॅकिंग बसवलं आणि नट मधून कडेकडे आवळत आणले. हात चुकत नव्हते. तेवढ्यानेच त्यांना जास्त वाईट वाटत होतं.

"बाई, चालू करून तुमीच आयका," ते म्हणाले. "मले समजनार नाही."

वंदनाताईंनी चावी फिरवली, खाली उतरून बोनेटवर वाकल्या. महादेवरावांनी पेटती उदबत्ती सांध्याभोवती फिरवली. तिचा धूर कुठे विस्कटला नाही, म्हणजे सांध्यातून काही सुटत नव्हतं.

"नाही येत टिकटिक," त्या मोठ्याने म्हणाल्या. मग गाडी बंद करून, "त्या मेहकरवाल्याले म्या लय बोलली."

"त्याले मी भेटतो," महादेवराव म्हणाले. आणि दुपारच्या बसने ते खरंच गेले.

आठवड्याने गावातला गोकुळ ओट्यावर आला, एक जुनी जीप बघायला चला म्हणून. शेजारचे तिघे बसलेलेच होते.

"दुसऱ्या कोनाले ने," महादेवराव म्हणाले. "मले आयकू येत नाही."

गोकुळला ती गंमत वाटली. तो हसला, मग बाकीचेही हसले. महादेवरावांनी मान खाली घातली आणि तेच वाक्य पुन्हा एकदा म्हटलं.